औषध देण्याआधी कुठे कुठे थांबायचं: औषधं देणाऱ्या मदतनिसांसाठी

डॉक्टर औषध लिहितात, फार्मासिस्ट ते देतो, नर्स ते तक्त्यावर उतरवते. या साखळीत प्रत्येकाच्या मागे कुणीतरी उभं असतं. चिठ्ठीतली मात्रा विचित्र दिसली तर फार्मासिस्ट फोन करून विचारतो, पाकिटावर चुकीचं नाव आलं तर नर्सच्या ते लक्षात येतं. तुमच्या मागे मात्र कुणी नाही. गोळी तुमच्या हातातल्या कपातून समोरच्या माणसाच्या घशाखाली उतरली की ती परत येत नाही.

मी नर्स आहे आणि वृद्धसेवा केंद्रात औषधं देणाऱ्या मदतनिसांना शिकवते. नव्याने येणाऱ्यांना वाटतं, आता शंभर औषधांची नावं पाठ करावी लागणार. नावं हाताखालून जाता जाता पाठ होतात. मी पहिल्या दिवशी थांबायला शिकवते: कुठे थांबायचं, थांबून नेमकं काय पाहायचं आणि कुणाला विचारायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी इजा कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. त्या मोहिमेतल्या तीन सूचना मला फार आवडतात: जाणून घ्या, तपासा, विचारा. यातलं विचारणंच सगळ्यात जड जातं, कारण आपल्याला येत नाही असं कुणाला वाटू नये ही भीती असते. नर्सला एकाच दिवसात दहा वेळा विचारणारा मदतनीस मला चालतो. महिनाभर काहीच न विचारणाऱ्याची मला काळजी वाटते.

आपली हद्द

मदतनिसाने काय द्यायचं आणि काय नाही, हे त्या ठिकाणचा कायदा आणि संस्थेचे नियम ठरवतात. ते लेखी मागून घ्या आणि नीट वाचा. साधारणपणे तोंडाने घ्यायची औषधं, डोळ्या-कानाचे थेंब, मलम, दम्याचा पंप, त्वचेवर चिकटवायची पट्टी एवढं मदतनिसाकडे असतं. शिरेतून द्यायचं औषध नसतं. इंजेक्शनबाबत नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत.

मात्रा कमी-जास्त करणं, औषध थांबवणं, डॉक्टरांचा फोनवरचा आदेश घेणं किंवा आपल्या मनाने एखादी गोळी सुचवणं, हे तुमचं काम नाही. "ताई, डोकं फार दुखतंय, एखादी साधी गोळी द्या ना," असं कुणी कळवळून म्हणालं तरीही नाही. तक्त्यावर नसलेली कुठलीच गोळी साधी नसते. तिथे नर्सला बोलवायचं.

मात्र एक काम तुमच्याइतकं चांगलं कुणालाच जमत नाही. तुम्ही त्या माणसाला रोज, दिवसातून चार वेळा पाहता. कालपर्यंत स्वतः उठून बसणारे आजोबा आज हाकेला ओ देत नाहीत, हे सगळ्यांत आधी तुम्हाला दिसतं. निदान करू नका, दिसलं ते सांगा. "आजोबांना बरं नाही" एवढं सांगून नर्सला काही कळत नाही. "सकाळी सातला हाक मारली तेव्हा डोळे उघडले, लगेच मिटले, पाणी ओठांतून बाहेर आलं," असं सांगितलंत की ती धावत येते.

तक्ता वाचणं

औषधाच्या आदेशात माणसाचं पूर्ण नाव, औषधाचं नाव, मात्रा, कोणत्या मार्गाने, किती वाजता, किती दिवस आणि सही, एवढं असायलाच हवं. यातलं एक जरी नसेल तर तो आदेश अपुरा आहे. मागच्या महिन्यात काय होतं ते आठवून रिकामी जागा भरू नका.

संक्षेप अजूनही सर्रास वापरले जातात, म्हणून ते माहीत हवेत. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चार वेळा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एसओएस किंवा पीआरएन म्हणजे गरज पडल्यास. ओडी मात्र फसवतं. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ दिवसातून एकदा असा घेतात, पण डोळ्यांच्या चिठ्ठीत हीच दोन अक्षरं उजव्या डोळ्यासाठी लिहिली जातात. थेंबांच्या बाटलीसमोर नुसतं ओडी दिसलं तर विचारल्याशिवाय झाकण उघडू नका.

आकड्यांपाशी आणखी हळू व्हा. १ ऐवजी १.० लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं की ते १० वाचलं जातं. नुसतं .५ लिहिलं की ५ वाचलं जातं, म्हणून ०.५ असं आधी शून्य देऊनच लिहायचं. युनिटसाठी लिहिलेलं इंग्रजी यू घाईत शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिट इन्सुलिनचे ४० होतात. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांच्यात हजार पटींचा फरक आहे: १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. तक्त्यावर ५० मिलिग्रॅम दिसलं तर कुणीतरी लिहिताना चुकलेलं आहे.

हिशोब साधाच असतो, पण तो कागदावर करा. आदेश १२५ मिलिग्रॅमचा आणि बाटलीवर "५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम" असेल तर द्यायचे २.५ मिलिलिटर. एका डोससाठी एकाच औषधाच्या पाच-सहा गोळ्या काढायची वेळ आली, तर गणित बरोबर असलं तरी नर्सला दाखवा. गोळ्या बनवणारे नेहमीची मात्रा एक-दोन गोळ्यांत बसेल अशाच बनवतात, त्यामुळे एवढ्या गोळ्या लागणं हेच संशयाचं कारण आहे.

आणि तक्त्याच्या माथ्यावरची ॲलर्जीची ओळ. ती रोज तीच असते म्हणून नजर तिच्यावरून घसरते. नवीन औषध सुरू झालं त्या दिवशी ती मुद्दाम वाचा. पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते आणि समोर ॲमॉक्सिसिलिनची पट्टी येते. नाव वेगळं असलं तरी औषध त्याच कुटुंबातलं आहे.

तीन वेळा वाचायचं

हात साबणाने धुवा, किमान वीस सेकंद. एका वेळी एकाच माणसाचं औषध काढा. दहा जणांचे कप आधीच भरून रांगेत मांडून ठेवले की वेळ वाचतो हे खरं, पण एक कप सरकला तर कुणाचा कुठला हे कळायला मार्ग उरत नाही. दुसऱ्याने काढून ठेवलेलं औषधही देऊ नका. काढणारा, देणारा आणि नोंद करणारा हात एकच हवा.

पाकिटावरचं लेबल तीन वेळा तक्त्याशी जुळवायचं: कपाटातून काढताना, गोळी कपात घालण्याआधी, आणि पाकीट परत ठेवताना. मी अजूनही हलक्या आवाजात वाचते. मनातल्या मनात वाचताना डोळे अपेक्षित असलेला शब्द पाहतात, ओठांनी उच्चारताना समोरचा शब्द पाहावा लागतो. हायड्रालाझिन रक्तदाबाचं औषध आहे आणि हायड्रॉक्सिझिन खाज, अस्वस्थता यांवरचं. पहिली तीन-चार अक्षरं वाचून हात पुढे गेला तर ही दोन्ही सारखीच.

रंगावर किंवा आकारावर विसंबू नका. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं आलं की पांढरी गोळी गुलाबी होते. पण समोरचा माणूस रंगाबद्दल बोलला तर मात्र लगेच थांबा. "माझी गोळी पिवळी असते, ही कुठली?" असं आजींनी विचारलं की "घ्या हो, तीच आहे" हे उत्तर कधीही द्यायचं नाही. कप मागे घ्यायचा, तक्ता आणि पाकीट पुन्हा पाहायचं, मगच परत यायचं. कधी कंपनी बदललेली असते. कधी आजींचंच बरोबर असतं.

एक्स्पायरी पाहा. नुसता महिना-वर्ष छापलेलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. गोळीला हात लावू नका, ती बाटलीच्या झाकणात पाडून तिथून कपात घाला. ट्रॉलीपाशी उभं असताना कुणी बोलायला आलं किंवा फोन वाजला, तर "औषध काढतेय, पाच मिनिटांत येते" एवढंच म्हणा. मध्येच जावं लागलं तर परत आल्यावर त्या माणसाचं औषध पहिल्यापासून वाचायचं.

समोर कोण आहे?

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. खिडकीजवळच्या खुर्चीत एक आजी रोज बसायच्या. त्या दिवशी ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून त्यांनी शेजारच्या आजींशी जागा बदलली होती. मी कप घेऊन वाकले, नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच ना?" खुर्चीतल्या आजी गोड हसल्या आणि त्यांनी मान हलवली. त्यांना कमी ऐकू यायचं. गोळी गिळून त्यांनी रिकामा कप माझ्या हातात दिला, बाही मागे सरकली, आणि मनगटावरच्या पट्टीवर दुसरंच नाव दिसलं. ती गोळी रक्तदाबाची होती, आणि या आजींचा रक्तदाब मुळातच कमी असायचा. पुढे काय केलं ते खाली सांगते.

तेव्हापासून मी "तुम्ही अमुक ना?" हा प्रश्न टाकला. त्याचं उत्तर "हो" असंच येतं. ऐकू न आलेला माणूस, अर्धवट झोपेतला माणूस, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणणारा माणूस, सगळे मान हलवतात. विचारायचं असं: "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगता का? आणि जन्मतारीख?" नाव आणि जन्मतारीख या दोन्ही खुणा तक्त्याशी जुळल्या पाहिजेत. खोली, पलंग, खुर्ची ही माणसाची ओळख नव्हे. एकाच आडनावाचे दोघं असतील तर तक्त्यावर ठळक खूण करून घ्या.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला स्वतःचं नाव सांगता येईलच असं नाही. तिथे तक्त्यावरचा फोटो आणि मनगटावरची पट्टी पाहा. फोटो जुना झाला असेल तर नवीन काढून घ्यायला सांगा. खात्री पटत नसेल तर ओळखणाऱ्या सहकाऱ्याला बोलवा. रोज भेटतो म्हणून विचारायला संकोच वाटतो, तेव्हा मी सरळ सांगते, "आजोबा, मी तुम्हाला ओळखते, पण औषध देताना रोज विचारायचा नियम आहे." आजवर यावर कुणी रागावलेलं नाही.

माप, तुकडा आणि भुकटी

पातळ औषधाची बाटली धरताना लेबल तळहाताकडे ठेवा, म्हणजे ओघळ लेबलावर जाऊन अक्षरं पुसत नाहीत. मापाचा कप सपाट जागी ठेवा आणि स्वतः वाका, डोळे रेघेच्या पातळीला आणा. औषधाचा पृष्ठभाग मध्ये किंचित खोलगट दिसतो, त्या खोलगट भागाचा तळ रेघेवर आला पाहिजे. ५ मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर तोंडाने द्यायची मापाची सिरिंज वापरा. घरातला चमचा कधीच नाही, प्रत्येक चमच्याचं पोट वेगळं असतं.

तळाशी बसणारं औषध नीट हलवून घ्या. फिट्सवरचं फेनिटोइनचं पातळ औषध न हलवता दिलं तर वरच्या थरातून सुरुवातीला कमी औषध जातं आणि बाटली संपत आली की दाट, जास्त औषध जातं. म्हणजे आधी फिट येण्याचा धोका आणि नंतर औषध चढण्याचा.

गोळीवर मध्ये रेघ असेल आणि आदेशात अर्धी लिहिलेली असेल, तरच तोडा, तीसुद्धा गोळी तोडायच्या कटरने. कुटून देण्याआधी प्रत्येक वेळी विचारा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एलए, एमआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी औषध हळूहळू, कित्येक तास सोडण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. आतड्यात विरघळावी म्हणून आवरण दिलेली गोळी कुटली तर औषध जठरातच मोकळं होऊन एकतर वाया जातं किंवा जठराला त्रास देतं. काही गोळ्यांची भुकटी देणाऱ्यालाही अपायकारक असते. प्रोस्टेटसाठीच्या फिनास्टेराइडची फुटलेली गोळी गर्भवती मदतनिसाने हाताळू नये. गोळी गिळवत नाही हे लक्षात आलं तर नर्सला सांगा. बऱ्याच औषधांचा पातळ प्रकार मिळतो.

गिळेपर्यंत तिथेच

आडव्या माणसाला गोळी देऊ नका. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. डोकं मागे टाकून गोळी गिळायची सवय अनेकांना असते, त्याने ठसका लागण्याचा धोका वाढतो. आधी घोटभर पाणी देऊन तोंड ओलं करा, मग एकेक गोळी. गिळायला त्रास असलेल्यांना पातळ पदार्थ दाट करून द्यायचे असतात. तसा आदेश असेल तर औषधासोबतचं पाणीही दाटच हवं.

कप ठेवून निघून जाऊ नका. गोळी गालात राहते, जिभेखाली लपते, रुमालात जाते. घोट उतरल्यावर दोन शब्द बोला, त्या बोलण्यातच तोंड रिकामं आहे का ते कळतं. हाडांसाठीची अलेंड्रोनेट गोळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर द्यायची आणि नंतर निदान अर्धा तास त्या व्यक्तीने ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते. लेव्होथायरॉक्सिनही अनशापोटीच, न्याहारीआधी अर्धा ते एक तास, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास दूर.

डोळा, कान, छाती, त्वचा

डोळ्यांत थेंब घालताना खालची पापणी हलकेच ओढून झोळी करा आणि थेंब त्या झोळीत सोडा, बुबुळावर नको. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. नंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध नाकात उतरून अंगात भिनत नाही. दुसरा थेंब घालायचा असेल तर पाच मिनिटं थांबा, नाहीतर पहिला धुऊन जातो. मलम असेल तर सगळ्यात शेवटी. कानाच्या आणि डोळ्यांच्या बाटल्या दिसायला सारख्या असतात, म्हणून त्या वेगवेगळ्या जागी ठेवा. कानात थेंब घालताना मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढायचा.

पंपाच्या बाबतीत औषध सुटतं, पण श्वास त्याच्याशी जुळत नाही. नेहमीचा दाबायचा पंप हलवा, श्वास पूर्ण सोडायला लावा, पंप दाबताच हळू आणि खोल श्वास आत, मग दहा सेकंद रोखून धरायचा. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटाने. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकायला सांगा, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात.

त्वचेवरच्या पट्टीत एक चूक वारंवार होते: जुनी काढायची राहते. आधी जुनी शोधा. पाठीवर, दंडामागे, कुठेही असेल. चिकट बाजू आत दुमडून नियमाप्रमाणे टाका, मग नवी दुसऱ्या जागी लावा आणि तिच्यावर तारीख-वेळ लिहा. फेंटानिलची वेदनाशामक पट्टी साधारण ७२ तासांची असते. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध भराभर आत शिरतं आणि श्वास मंदावू शकतो.

इथे दुप्पट वेळ घ्या

मेथोट्रेक्सेट. सांधेवातासाठी हे आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं. इतर सगळ्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज दिली जाते, आणि त्यातून माणसं दगावली आहेत. तक्त्यावर वाराचं पूर्ण नाव लिहिलेलं हवं आणि बाकीच्या सहा दिवसांच्या चौकटींवर काट मारलेली हवी. तशी नसेल तर औषध देण्याआधी नर्सकडून करून घ्या.

वॉरफरिन रक्त पातळ ठेवतं. त्याची मात्रा आयएनआर चाचणीवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या चाचणीवर, बदलत राहते, त्यामुळे कालची मात्रा आजची असेलच असं नाही. हिरड्यांतून रक्त, अंगावर नवीन काळे-निळे डाग, काळी शी, किंवा पडून डोक्याला लागणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच कळवा. हृदयासाठीचं डिगॉक्सिन देण्याआधी नाडी पूर्ण एक मिनिट मोजतात. मोठ्या माणसांत ती ६० च्या खाली असेल तर साधारणपणे डोस रोखून नर्सला सांगतात. मळमळ, भूक मरणं, सगळं पिवळसर दिसणं ही औषध अंगात साचत असल्याची लक्षणं आहेत.

मधुमेहाचं औषध देण्याआधी जेवण कुठवर आलं ते पाहा. थरथर, घाम, गोंधळलेलं बोलणं दिसलं तर नर्सला हाक मारा आणि साखर तपासा. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर, गिळू शकणारा असेल, तर संस्थेच्या नियमाप्रमाणे १५ ग्रॅम पटकन रक्तात उतरणारी साखर देतात आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

पॅरासिटामॉल यादीत पाहून नवल वाटेल. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर ते चालत नाही, वयस्कर आणि यकृताचा त्रास असलेल्यांना मर्यादा त्याहून कमी ठरवलेली असू शकते. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत ते मिसळलेलं असतं, काही पाकिटांवर ॲसिटामिनोफेन या नावाने. दोन वेगळ्या पट्ट्या, औषध एकच. दोन्ही मिळून किती होतं ते मोजा.

नको म्हटलं तर, आणि मागितलं तर

औषध नाकारायचा हक्क त्या माणसाला आहे. जबरदस्ती नाही, जेवणात लपवून देणंही नाही. आधी का नको ते विचारा. कडू लागतं, सारखं लघवीला जावं लागतं, कालपासून मळमळतंय: बहुतेक वेळा कारण असतं आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचायला हवं असतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा विचारून पाहा. तरीही नको असेल तर नोंद करा आणि नर्सला सांगा. राहून गेलेला डोस पुढच्या डोसबरोबर दुप्पट करून कधीच देऊ नका.

गरज पडल्यास द्यायच्या औषधात आधी मागचा डोस किती वाजता दिला ते पाहा, किमान अंतर आणि चोवीस तासांतली कमाल मात्रा पाहा. कशासाठी दिलं ते लिहा, आणि संस्थेने ठरवलेल्या वेळाने, साधारण अर्ध्या-एक तासाने, परत जाऊन आराम पडला का ते विचारून तेही लिहा. ही दुसरी फेरी बहुतेकांची राहते, आणि त्याच नोंदीवरून डॉक्टर औषध बदलायचं की नाही ते ठरवतात.

नोंद

औषध गिळल्यावर लगेच, तिथल्या तिथे लिहा. आधी सही करून ठेवलेली असली आणि मग माणसाने गोळी नाकारली, तर कागद खोटं बोलतो. शेवटी एकदम लिहू म्हटलं तर रिकामी चौकट पाहून दुसरा कुणीतरी तीच गोळी पुन्हा देतो. दिलं नाही तर का नाही, तेही लिहा. लिहिताना चुकलात तर एक सरळ रेघ मारा, बाजूला सही करा. खाडाखोड नको, पांढरी शाई नको.

चूक झाली तर

त्या दुपारी माझे हात थंड पडले होते. मी आजींना खुर्चीतून उठू दिलं नाही आणि वरिष्ठ नर्सला हाक मारली. काय दिलं, किती दिलं, किती वाजता, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी आजींना पलंगावर आडवं केलं, पाय उंचावर ठेवले, डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब मोजला. एकदा तो बराच खाली गेला, मग सावरला. रात्री आजी जेवल्या. मी रडत होते, तर त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी अर्धा तास गप्प बसले असते, तर आजी त्या अर्ध्या तासात उठून चालायला लागल्या असत्या आणि पडल्या असत्या. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी माणूस पाहा, मग नर्सला सांगा, सांगतील ते करा, मग घडलं तसं लिहा. उलटी करवू नका, उतारा म्हणून काही देऊ नका. ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, श्वास घेताना आवाज येऊ लागला तर ती तीव्र ॲलर्जी आहे. तिथे तातडीची वैद्यकीय मदत त्याच क्षणी बोलवायची. गोळी चुकून काढली पण द्यायच्या आत लक्षात आलं, तेही सांगा. तीच दोन पाकिटं उद्या दुसऱ्या कुणाला फसवतील.

ड्यूटी संपताना

थंड ठेवायची औषधं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, फ्रीजच्या दारात नाही, आणि गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. ट्रॉलीला पाठ फिरवायची असेल, अगदी दोन पावलांसाठी, तर कुलूप लावा. रुग्णालयातून कुणी परत आलं असेल तर जुनी आणि नवी यादी नर्ससोबत ओळीने लावून पाहा. बंद झालेल्या गोळ्यांची पट्टी खणात तशीच पडून असते.

पुढच्या पाळीच्या माणसाला तोंडी सांगा: कुणी काय नाकारलं, कुणाला गरजेची गोळी किती वाजता दिली, कुणाचं औषध आज बदललं. मग मॉर्फिनसारख्या, दुहेरी कुलपात ठेवायच्या औषधांची मोजणी दोघांनी मिळून करा. एकाने गोळ्या मोजायच्या, दुसऱ्याने वहीतला आकडा वाचायचा, दोघांनी सही करायची. आकडा एका गोळीने जरी जुळला नाही तरी दोघांपैकी कुणीही निघायचं नाही. नर्सला तिथेच बोलवायचं आणि पहिल्या पट्टीपासून पुन्हा मोजायचं.